न मागितलेली परवानगी

गोव्यात राजभाषेच्या आंदोलनात रस्ते अडवले जात होते, त्याच दिवसांत मी पाद्रीला माझ्या प्रेमाचं सगळं सांगून टाकलं. साखळीच्या बसमध्ये ओळख झालेला, लाटंबार्श्याच्या मराठी शाळेतला मास्तर. हिंदू. दोन वर्षं आम्ही एकमेकांसाठी जागा धरत होतो आणि लग्न करायचं ठरवलं होतं. मी चोवीस वर्षांची, डिचोलीत शिवण शिकवणारी, इगर्जीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पहिल्या बाकावर बसणारी.

पाद्रीने शांतपणे ऐकून घेतलं. "हें जावचें ना, बाय. देवाची आज्ञा पाळ, ताची कुर्पा मेळटली."

हे लग्न होणार नाही, एवढंच मी ऐकलं आणि आज्ञा पाळली. मास्तरला बसस्टँडवरच नाही म्हटलं. "दुसरी काहीच वाट नाही?" त्याने विचारलं. "नाही," मी इतक्या ठामपणे म्हणाले की तो आलेल्या पहिल्या बसमध्ये चढून गेला. वर्षभरात इब्रामपूरच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. मी कृपेची वाट बघत राहिले. पोस्टमन एक दिवस दारात आणून देईल, असंच काहीतरी वाटायचं मला.

गोवा राज्य झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीने घरात जाहीर केलं की ती पेडण्याच्या एका हिंदू मुलाशी लग्न करणार. आई रडली, बाबा जेवले नाहीत. खोटं कशाला सांगू, मला आतून बरंच वाटलं. आता पाद्री हिला सरळ करील! तीही गेली त्याच्याकडे, पण माझ्यासारखी मान खाली घालून नाही. भांडायला गेली. तीन महिन्यांत बिशपची परवानगी आली. मुलाने धर्म बदलायचीही गरज नव्हती. त्याच पाद्रीने त्याच इगर्जीत हसतमुखाने त्यांचं लग्न लावलं. तिचा पांढरा झगा मी शिवला होता.

पाहुणे पांगल्यावर मी पाद्रीला गाठून माझ्या वेळचं विचारलं.

"पाद्र, ही परवानगी तेन्ना मेळनासली?"

"मेळटाली." मिळत होती, म्हणे.

"मागीर म्हाका कित्याक सांगलें ना?"

"तूंवें विचारलेंच ना, बाय. तूं आज्ञा पाळपी."

मी विचारलंच नाही, मी आज्ञा पाळणारी, हे त्याने कौतुकाने म्हटलं. माझ्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला. माझा विश्वासघात झाला होता आणि वर आशीर्वाद मिळत होता. घात देवाने केला की पाद्रीने, ते मला आजही धड सांगता येत नाही. बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत सगळं उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो, आज्ञा पाळत घरी राबलेला थोरला भाऊ बाहेर रुसून उभा राहतो, आणि प्रवचनात दरवेळी त्याचीच खरडपट्टी निघते. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा आपला वाटला.

पुढच्या रविवारी कम्युनियनसाठी, म्हणजे पाद्रीच्या हातून पवित्र भाकर घ्यायला, बाकच्या बाक उठले. आईने मला कोपराने ढोसलं, तब्येत बरी नाही का म्हणून विचारलं. तब्येत उत्तम होती. मी बसून राहिले, आणि त्यासाठी कुणालाच विचारलं नाही.