दोन खांबांखालची काळी माती

कापसाला भाव नसलेल्या त्या वर्षांत मारेगावकडे नवी गाडी घेणारा विरळाच. जुन्याच जीपा पुन्हा पुन्हा दुरुस्तीला यायच्या आणि घराला लागून असलेल्या शेडमध्ये मी दिवसभर त्यांच्याखाली पाठीवर पडलेला असायचो. शेवटी कंबरेने हात टेकले, तेव्हा नागपूरहून दोन खांबांची जुनी लिफ्ट आणली. फरशीला भोकं पाडायची, बोल्ट ठोकायचे, गाडी वर आणि मी खाली ताठ उभा. एका दिवसाचं काम, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

बायकोने कापसाची एक वाळकी पऱ्हाटी उचलली आणि फरशीच्या भेगेत सोडली. ती हातभर आत गेली.

"खाली काळी माती हाय. उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते," ती म्हणाली. "तिच्यावर खांब उभे करसान अन् गाडीखाली तुमीच उभे राहसान. मले नाई चालत."

मी भडकलो. तुला गाड्यांमधलं काय कळतं, असंही बोलून गेलो.

"गाड्याईचं नाई कळत. मातीचं कळते."

दोन दिवस मी रुसून बसलो. तिसऱ्या दिवशी पाहतो तर बाईसाहेबांनी सब्बल घेऊन फरशी फोडायला सुरुवातच केलेली. मग मलाही निमूट फावडं उचलावं लागलं.

काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत दोघांनी खणलं, सळ्या बांधल्या, काँक्रीट भरलं. मला लगेच बोल्ट मारायचे होते. तिने महिनाभर हात लावू दिला नाही. ऐन मे महिन्यात विहिरीवरून हंडे आणून ती काँक्रीटवरची पोती ओली ठेवायची. गिऱ्हाइकं दुसरीकडे जात होती, मी चरफडत होतो. पण खरं सांगतो, एवढी चिकाटी मी कुठल्या मिस्त्रीतही पाहिली नाही.

खांब उभे राहिले. पहिली जीप वर गेली, लॉक खटकन बसले, आणि माझे पाय हलेनात. इतकी वर्षं गाड्यांखाली काढली, पण अख्खी जीप डोक्यावर कधी घेतली नव्हती. जीपचा मालक दारातच उभा होता. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि सरळ जीपखाली जाऊन उभी राहिली.

"पाना घेऊन या न," ती मोठ्याने म्हणाली. "पाहुण्याले उशीर होऊन राह्यला."

मी पाना घेऊन गेलो. जवळ गेल्यावर दिसलं, तिचीही नजर वरच्या लॉकवरून हटत नव्हती.