मधलं घर

"पयल्यान येव नको, शेवटाक येव नको. मधी खंयतरी ये."

घरापुढच्या खळ्याच्या कडेला उभं राहून, आवाज अगदी खाली घेऊन त्या बाईने मला हे सांगितलं. तिच्या थोरल्या मुलीच्या डाव्या हातावर चट्टा निघाला होता. तो महारोगाचा होता आणि गोळ्या घेऊन मी दर पंधरवड्याला तिच्याकडे जाणार होते. सरळ तिच्याच घरी गेले, तर तिसऱ्या खेपेला सगळी वाडी बोट दाखवायला लागली असती. म्हणून ही अट.

साठ सालाच्या आगेमागची गोष्ट. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते आणि मसुऱ्याच्या बाजूच्या, खाडीकाठच्या चार-पाच वाड्या माझ्याकडे होत्या. अट मान्य करायची म्हणजे एका घरासाठी अख्खी वाडी पालथी घालायची. मी घातली. पिशवीत जंताचं औषध, डोळ्यांचे थेंब, बाळंतिणींसाठी लोहाच्या गोळ्या, खरजेचं मलम असं सगळं भरून मी प्रत्येक पायरी चढायची. एका म्हाताऱ्याने तर दर खेपेला माझ्याकडून कान तपासून घेतले. त्याच्या कानांना काही झालेलं नव्हतं, त्याला गप्पा मारायला कुणीतरी हवं होतं. मग कुठेतरी मध्यावर ते घर यायचं, आणि तिथे पिशवीच्या तळाची पुडी निघायची.

आमच्या साहेबांना हा सगळा वेळेचा अपव्यय वाटे. हिवतापवाले फवारणी झाल्यावर भिंतीवर गेरूने लिहून जातात, तशी रोग्यांच्या घरांवर लहानशी खूण करावी, असं त्यांनी एकदा सुचवलं. मी म्हटलं, "साहेब, पहिली खूण तुमच्या बंगल्यावर करू, म्हणजे लोकांची भीती जाईल." खुणेचा विषय तिथेच संपला. माझी पुढची रजा मात्र नामंजूर झाली.

मुलगी जेमतेम अठराची होती. पहिल्या दिवशी मी तिला डोळे मिटायला लावले आणि कोंबडीचं पीस हातावरून फिरवत म्हटलं, लागेल तिथे बोट ठेव. खांद्यावर ठेवलं, दंडावर ठेवलं. चट्ट्यावर आणि शेवटच्या दोन बोटांवर पीस फिरलं तेव्हा ती तशीच वाट बघत बसली. मग तिने डोळे उघडले आणि पीस आपल्या करंगळीवर टेकलेलं पाहिलं. रडली नाही. "आता काय करुचा?" एवढंच विचारलं. मला ती तेव्हाच आवडली.

करायचं होतं ते सोपं होतं. गोळ्या नेमाने घेतल्या तर रोग तिथेच थांबणार होता, घरात कुणाला लागणारही नव्हता. सोडल्या तर ती दोन बोटं आखडून तळव्याकडे वळली असती आणि मग कुणाच्या बापाला सरळ करता आली नसती. हे मी आईला बसवून, पाणी पिऊन पुन्हा एकदा सांगितलं. नवरा मुंबईला, पदरात दोन मुली, विहीर सगळ्या वाडीची. तिने मान हलवली. "ह्या भायर पडला तर दोनय चेडवां माझ्याच घरात म्हातारी होतली," ती म्हणाली. ते काही खोटं नव्हतं.

हिवाळाभर सगळं सुरळीत चाललं. मग आंगणेवाडीच्या जत्रेत एका घरच्यांनी मुलीला पाहिलं, विचारणा आली, आणि पुढच्या खेपेला मला गोळ्या तशाच्या तशा तांदळाच्या मडक्यात पुरलेल्या सापडल्या. गोळ्यांनी मुलगी फिकी पडते, बघायला येतील तेव्हा तोंडावर तेज नको का, म्हणून आईने त्या बंद केल्या होत्या. माझं डोकं फिरलं.

"तुका चेडवाचो हात होयो काय जावय होयो?"

"दोनय होये," ती म्हणाली. "हाडून दे बघया."

दोन्ही आणून देणं माझ्या हातात नव्हतं. पुडी मुलीच्याच हातात देऊन मी तणतणत बाहेर पडले, आणि परतीच्या वाटेवर त्या म्हाताऱ्याच्या कानांवर राग काढला.

त्यानंतरच्या खेपेला मी त्यांच्या खळ्यात पाय ठेवला तर पडवीत घोंगडी अंथरलेली. बघायला आलेला मुलगा, त्याचे काका आणि त्याची आते बसलेले. माघारी वळावं तर सगळ्यांनी मला पाहिलं होतं, पिशवीसकट. आई पटकन पुढे होऊन म्हणाली, "दवाखान्यातली बाय ही. सगळ्यांकडेच येता."

"मगे बस गो बाय," आते म्हणाली. बाई ठसठशीत होती, आवाज मोकळा. बसले असते तर प्रश्न आले असते. म्हणून पाणी पिते म्हणत मी सरळ आत, चुलीपाशी गेले. तर तीही माझ्या मागोमाग आत आली. सून करायची तर तिचा हात चुलीशी कसा चालतो हे बघायलाच ती आली होती.

मुलगी चहा करत होती. टोपाला उकळी फुटली, चहा वर आला. उतू जाईल म्हणून तिने झटकन दोन्ही हात घातले. उजव्या हातात फडकं होतं, डाव्यात नव्हतं. डाव्या हाताच्या त्या दोन बोटांवर टोपाचा काठ पेलून तिने तो सावकाश, अगदी सावकाश खाली ठेवला.

"बघा!" आते खूश होऊन मागोमाग आत आलेल्या आईला म्हणाली. "डाव्या हातान फडक्याशिवाय टोप उतरल्यान. हात कामाचो आसा हां चेडवाचो!"

आई हसली. ते हसू मला अजून दिसतं. मी मात्र बोटांकडे बघत होते. कातडी आधी पांढरी पडली, मग फुगायला लागली. आतेचं लक्षही तिकडे गेलं आणि तिचा आवाज बदलला.

"गो, फोड इलो. खूप दुखता काय?"

आई माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, आता ही बोलणार. मी बोलणार नव्हते. गुपित माझं नव्हतंच, ज्यांचं होतं त्या दोघी तिथे उभ्या होत्या. फक्त एक 'होय' हवं होतं. मुलीने 'होय' म्हणून तोंड वाकडं केलं असतं की हळद लावून झाली असती, चहा बाहेर गेला असता आणि बोलणी पुढे सरकली असती. खरं बोलण्याचे धडे लोकांना देणारी मी, मनात एकच घोकत होते, होय म्हण गो बाय, होय म्हण.

"नाय," मुलगी म्हणाली. "माका कळाक नाय. ह्या हाताक गरम-थंड कळना नाय."

आतेने पदर आवरून घेतला. ती वाईट बाई नव्हती, एक वाकडा शब्द बोलली नाही. बाहेर जाऊन काकांच्या कानाला लागली, आणि "कळवतो" म्हणून सगळे उठले. चहा टोपातच राहिला.

मी त्या बोटांना पट्टी बांधत होते तेव्हा आई माझ्यावर फिरली. "आता झाला मां तुझा समाधान?" मी एक अक्षर बोलले नव्हते, पण तिला कुणावर तरी ओरडायला हवं होतं. तिला थांबवलं ते मुलीने.

"लगीन होवन थंय भाजला आसता, मगे?"

पुढच्या खेपेला मी नेहमीसारखी वाडीच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. बातमी आधीच फिरली होती. पहिल्या घराने "आज नको" म्हटलं. दुसऱ्या घरच्या सुनेने मला पाहून मुलाला आत ओढलं. म्हाताऱ्याने कान पुढे केले नाहीत. विहिरीवर एक कळशी बाकीच्यांपासून लांब, एकटीच ठेवलेली दिसली, आणि ती कुणाची हे विचारायची गरज नव्हती. मधल्या घराचं दार बंद असणार, अशी माझी खात्री होती. गोळ्या आता मडक्यातसुद्धा नसतील, चुलीत गेल्या असतील, असंच मला वाटत होतं.

दार उघडं होतं. मुलगी खळ्यात, समोरच्या रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशी बसली होती, पाण्याचा तांब्या शेजारी घेऊन. आई तिच्यामागे कमरेवर हात ठेवून उभी होती. माझ्याकडे बघून हसली नाही. पुडी तिने माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली, त्यातली गोळी काढून मुलीच्या तळव्यावर ठेवली, आणि शेजारच्या घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मला म्हणाली,

"आता मधी कित्याक? पयल्यान हंयच येत जा. गोळी चुकान चलाची नाय."