उपसलेला झिरा

जिंतूरच्या रानात जायचं कारण ना देऊळ होतं, ना धरण. आम्हाला हवं होतं पाणी, तेही चार बाटल्या. माझी मैत्रीण वैदेही रानातल्या जनावरांचा अभ्यास करते, पण जनावर न बघता. प्यायला आलेलं जनावर लाळ, केस, लेंडी असं काही ना काही पाण्यात सोडून जातं. ते पाणी बारीक गाळणीतून गाळून प्रयोगशाळेत पाठवलं, की डीएनएवरून कोण येऊन गेलं ते कळतं.

चारठाण्याच्या पुढे सागवानाची जुनी लागवड आहे. ती तोडून, तारेचं कुंपण घालून नवी झाडं लावायचं वनखात्याचं ठरत होतं. जंगली जनावरांचा पुरावा मिळाला तर ओढ्याकडचा तुकडा तसाच सोडणार होते, आणि त्याच तुकड्यात किसनमामांची मेंढरं चरतात. मागे चारठाण्याची देवळं बघायला गेले तेव्हा मामांकडून घोंगडी घेतली होती, तेव्हापासूनची ओळख. आदल्या दिवशी मीच त्यांना फोन केला, की झिऱ्याचं पाणी न्यायला येतोय, तपासायला लांब जाणार आहे. कशासाठी, ते सांगितलं नाही. त्यांना काय कळणार असं वाटलं, खोटं कशाला बोलू?

परभणीहून सकाळची जिंतूर एसटी पकडा, बायकांना अर्धं तिकीट आहे. स्टँडबाहेरची मिरचीभजी खा, चहा मात्र टाळा, नुसता पाक असतो. पुढे चारठाण्यापर्यंत जीप, माणशी चाळीस रुपये आणि मांडीवर दुसऱ्याचं गाठोडं. मार्चअखेरीस सागाची पानं गळून खाली पापडासारखी वाजत होती. वैदेही बर्फाचा डबा लेकरासारखा कवटाळून चालत होती. सावली शोधत जाऊ नका, मिळत नाही.

झिरा म्हणजे कोरड्या ओढ्यात उकरलेला खड्डा, त्यात पाझरून पाणी साचतं. मामा काठावरच उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, चेहरा खुललेला. पाणी इतकं नितळ, की तळाची वाळू दिसत होती. शेजारी काळ्या गाळाचा ढीग उन्हात तडकत होता.

"तुमी पाणी न्यायला येणार म्हणलाव, म्हणून फाटेपासून उपसायलोय," मामा म्हणाले. "लय घाण झालतं ताई. डुकरं लोळतेत, रोही येतेत, रात्री तडसबी येतंय. समदं काढून फेकलं. आता कसं निवळ हाय बगा."

पाहुण्याला पाणी द्यायचं तर झिरा उपसून द्यायचा, ही तिथली रीतच. वैदेहीने हातमोजे घातले, बाटल्या भरल्या, ढिगातलाही गाळ घेतला. रानडुक्कर, नीलगाय, तरस असं मामांनी सांगितलेलं प्रत्येक जनावर वहीत उतरवलं. मामींनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मी दोन भाकरी खाल्ल्या.

निकाल आला: माणूस, मेंढी, कुत्रा. गाळ उन्हाने भाजला होता, त्यात काहीच सापडलं नाही. झिरा उपसल्याचं वैदेहीने अहवालात लिहिलं, मामांची यादीही जोडली. पण यादी म्हणजे पुरावा नाही, असं उत्तर आलं. पुन्हा नमुना घ्यावा तर झिरा आटलेला आणि पुरावा द्यायची मुदत संपलेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणी मी, आणि रान गेलं दुसऱ्याचं.

घरी त्या घोंगडीवर बसूनच हे लिहितेय. देवळं सुंदर आहेत, जरूर जा. रानाबद्दल मात्र मला विचारू नका.

पाऊस लागल्यावर मामांचा फोन आला. लागवडीभोवती खांब रोवायलेत, मेंढरं कुठं न्यायची कळेना, म्हणाले. मग विचारलं, "ताई, पाणी बरं निघालं का?"

मी म्हणाले, "चांगलं निघालं, मामा."

"झिऱ्याला पुन्हा पाणी लागलंय," ते म्हणाले. "तार घालायच्या आत या. आदल्या दिशी सांगा, उपसून ठिवतो."