देवीचा मोकळा हात

हा विषय मी आजवर घरात कुणापाशीही काढला नाही. गेल्या शुक्रवारी प्रथमच एका व्यक्तीपुढे बोललो, आणि त्यानंतरच लिहिण्याचे धैर्य आले. जुन्या मित्राला सांगावे तसे आपणास सांगतो.

आमच्या कुळात देवीचा एक ध्यानश्लोक आहे. ध्यानश्लोक म्हणजे देवतेचे शब्दांनी रेखलेले रूप — तो म्हणावा, आणि डोळे मिटून ते रूप पाहावे. मुंजीपासून मी तो रोज म्हणतो. पण खरे सांगू? शब्दांतून उमटलेली देवी मी कधी पाहिलीच नाही. तंजावरच्या घरी देव्हाऱ्यामागे एका कापडदुकानाचे कॅलेंडर असे. त्यातली देवी श्लोक सुरू होण्याआधीच येऊन बसायची. चित्र एकदा आत बसले की डोळे पाहत नाहीत. आपल्याला हवे ते जागेवर आहे ना, एवढेच तपासतात. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना हे मी कितीदा समजावले असेल? स्वतः मात्र —

असो. मुद्द्याकडे येतो.

कावेरी माझ्या चुलत बहिणीची मुलगी. चेन्नईत टी. नगरला राहते, तंजावरी पद्धतीची चित्रे करते. अकरा वर्षांपूर्वी, माझ्या साठीच्या पूजेसाठी, ती आमची देवी रंगवत होती. तेव्हा ती माझ्याकडेच संस्कृत शिकत असे, आणि या श्लोकाचा अर्थ तिने स्वतः लावला होता. अर्धे चित्र घेऊन ती आईसह नुंगंबाक्कमला माझ्या घरी आली. देवीचा डावा हात मांडीवर मोकळा होता. मला तो पाहवेना — कॅलेंडरात तिथे कमळ होते.

"हात रिकामा कसा? श्लोकात कमळ आहे," मी म्हणालो.

"मला कुठे दिसलं नाही, मामा."

"म्हणजे आता श्लोक तू मला शिकवणार."

तिची आई हसली. कावेरीने तिथेच बसून त्या हाताचा रंग खरवडला.

त्या गेल्यावर मी पोथी काढली. कमळ नव्हते. मांडीवर विसावलेला हात — एवढेच होते. आयुष्यभर म्हटलेल्या श्लोकात! लेपाचा उठाव देऊन कमळ घडवायला तिला अजून आठवडा लागणार होता. एक फोन करायला किती वेळ लागला असता? मी केला नाही. सोन्याचा वर्ख लावलेले कमळ घेऊन चित्र आले, आणि मी ते पूजले.

इथवर आपण मला गर्विष्ठ म्हणून सोडून द्याल. पण पुढचे — ते सांगायलाच इतका वळसा घेतला. महिन्याभराने तिच्या आईने विचारले, हिने संस्कृत पुढे शिकावे का? मी म्हणालो, "चित्रं काढू दे. श्लोक तिला झेपायचे नाहीत." ती अचूक वाचते, हे मला ठाऊक होते. म्हणूनच तसे म्हणालो. ती शिकत राहिली असती, तर एके दिवशी त्या ओळीपाशी परत आली असती.

त्याच आठवड्यात तिचे येणे थांबले.

शुक्रवारी तिच्या घरी जाऊन पोथी तिच्यापुढे उघडली आणि सगळे सांगितले — तिच्या आईला म्हणालो, तेही. तिने ओळीवरून बोट फिरवत दोनदा वाचले.

"अय्यो, मामा," ती म्हणाली. "त्यानंतर मी एकाही देवाचा हात मोकळा सोडला नाही. काही सुचलं नाही तर फूल देते."

दुसऱ्या दिवशी येऊन ती चित्र घेऊन गेली. त्याचे काय करणार, ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. पोथीही तिच्याकडेच आहे.

आज पूजेला बसलो तेव्हा समोर नुसती भिंत होती. श्लोक सावकाश, शब्द शब्द ऐकत म्हटला. डोळे मिटले, तर आधी कमळच आले. ते तिथे कुणी ठेवले, हे आता आम्हा दोघांना ठाऊक आहे.