दिसलं खरं, पण तापात

दामू चितारी गेल्याचं मला शनिवारवाड्यासमोरच्या बाजारात कळलं. वांगी निवडत होतो. भाजीवाली म्हणाली, "तुमचे दामू चितारी गेले म्हणे पहाटे, आणि तुम्ही इथं?" हातातली वांगी तशीच टाकून निघालो... महिना होत आला, पण अजून वाटेत कुणी ना कुणी अडवतं आणि मान हलवून म्हणतं, "माणूस भला होता हो, पण डोळ्यानं अधू." हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून लिहायला बसलो. दामूचे डोळे अधू नव्हते. त्याच्याइतकं नीट पाहणारा माणूस मला पुण्यात दुसरा भेटला नाही, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

आम्ही एकाच आळीत वाढलो. मी वडलांच्या कापडाच्या दुकानात बसलो, तो वाड्यांच्या भिंती रंगवू लागला. सकाळी कामाला हात लावण्याआधी तो ओसरीवरच्या तांब्याकडे बघत बसायचा. तांब्या रोजच्यासारखा दिसला तरच कुंचला उचलायचा. झोप झाली नसेल, घरात भांडण झालं असेल, उपास असेल, तर म्हणे तोच तांब्या फिका दिसतो, नाहीतर उगाच झळाळतो. मग त्या दिवशी रंग कालवायचे नाहीत, नुसती भिंत घासायची. "डोळे तेच असतात रे," तो म्हणायचा, "पण मागे बसलेलं डोकं रोज वेगळं असतं. पाहतं ते." दुपारी जेवून दुकानात आला की मी मुद्दाम त्याच्यापुढे दोन पागोटी टाकायचो, यातलं गडद कुठलं ते सांग म्हणून. हा जांभई देऊन म्हणायचा, "झोपून उठतो, तोंड धुतो, मग विचार." गिऱ्हाइकं हसायची, मीही हसायचो.

पेठेतल्या देवीच्या देवळातून चांदीचा मुखवटा चोरीला गेला आणि ते हसणं संपलं. चोरी भर दुपारी झाली. दामू तापाने घरी पडून होता आणि त्याची खिडकी देवळामागच्या बोळात उघडायची. जाग येता येता त्याला बोळातून गाठोडं घेऊन जाणारा माणूस दिसला, आणि तो माणूस कासम होता. दामू हे बायकोला, यमुनावहिनींना, बोलून गेला, वहिनी शेजारणीला, आणि संध्याकाळच्या आत कासमला बांधून चावडीवर नेलं. कासम पखालीतून घरोघर पाणी घालायचा, त्याच्या आधी त्याचा बाप घालायचा. चोरी शाबीत झाली असती तर त्याचा उजवा हात जाणार होता. देवळाचे पंच मात्र खूश होते. खुद्द चितारी साक्षीला आहे म्हटल्यावर चेहरा चुकायचा प्रश्नच नाही!

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तसा दामू चावडीवर आला. मी शेजारीच उभा होतो.

"कासमला पाहिलंत?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"पाहिलं. नाक, दाढी, सगळं स्वच्छ."

"मग झालं तर."

"झालं कसं? कारभारी, मी तापात होतो, अर्धवट झोपेत. त्याच वेळी माझे वडील खिडकीशी बसून रंग खलताना दिसले, तेही तितकेच स्वच्छ. त्यांना जाऊन कैक वर्षं झाली. कासमला धरायचं असेल तर त्यांनाही धरून आणा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. पंच उसळले, "देवीच्या कामात थट्टा करता?"

"थट्टा नाही. त्या बोळातून दुपारी रोज कासमच जातो. पेंगुळलेलं डोकं सवयीनं त्याचाच चेहरा काढणार. मोराचं प्रत्येक पीस मी तरी कुठं बघून काढतो? कुणीतरी गेलं एवढं खरं. कोण गेलं, ते मला सांगता येणार नाही."

मुखवटा कासमकडे मिळालाच नव्हता आणि साक्षही उरली नाही, तेव्हा त्याला सोडावं लागलं. खरा चोर पुढेही सापडला नाही. दामूची कामं मात्र गेली. ज्याला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा नाही, त्याला भिंत कोण देणार? तो घरी बसून गंजिफाच्या खेळाची पानं रंगवू लागला. मी चिडून म्हणालो, "निदान कासम चोर नाही, असं तरी छातीठोक सांगायचंस!" तर म्हणतो कसा, "ते तरी मी कुठं पाहिलंय?" असा हा अधू माणूस! बाकी सगळी पेठ डोळस, न पाहिलेल्या चोरीवरून एकाचा हात तोडायला निघालेली.

शेवटच्या दुखण्यात मी रोज जात असे. एकदा संध्याकाळी तो कोपऱ्याकडे एकटक बघत होता. चेहरा इतका शांत की मलाच भरून आलं. "देवी आलीय," म्हणाला. "हिरवं नेसलीय." वहिनींनी हात जोडले. जरा वेळाने त्याने माझं मनगट धरून हात आपल्या कपाळावर ठेवला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. "दिसली खरी... पण ताप आहे ना? मग जमेस धरू नकोस."

ही गोष्ट बाहेर कशी फुटली कोण जाणे. तेराव्यानंतर तेच पंच दारात हजर. आता आवाजात साखर. "वहिनी, चितारीबुवांना देवीनं दर्शन दिलं म्हणे. फार मोठा अधिकार हो त्यांचा! देवळाच्या भिंतीवर तो प्रसंग काढून घेऊ, त्यांचं नाव राहील. तुम्हालाही काही कमी पडू देणार नाही. फक्त चार माणसांत तुमच्या तोंडून एकदा सांगा."

मी आत बसलो होतो. वहिनींच्या घरात पुढच्या महिन्यापुरतंही धान्य नव्हतं, हे मला ठाऊक होतं, आणि त्यांनी हो म्हटलं असतं तरी मी त्यांना बोल लावला नसता. त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, पदर सारखा केला.

"त्यांनी स्वतः साक्ष दिली नाही," त्या म्हणाल्या. "मी कशी देऊ?"

आणि त्यांनी दार लावून घेतलं.