रतीबवाली संगी

संगी म्हशींना अहो-जाहो करायची आणि माणसांना अरे-तुरे. शप्पथ! 'अहो बाई, पाय जरा मागं घ्या की,' हे म्हशीला. आणि माझ्या आईला, 'ए काकू, भांडं आण.' कुणी टोकलं की म्हणायची, 'म्हशीला राग आला तर ती पान्हा चोरती. तू काय चोरणार हाईस?'

सहावीत आम्ही दोघी एका वर्गात होतो. तिच्या वडलांच्या, म्हणजे आबांच्या, कसबा बावड्यात चार म्हशी, आमचं कापडाचं दुकान. शाळेआधी ती सायकलला किटल्या अडकवून आमच्या गल्लीत रतीब घालायची, मग सायकल आमच्या दारात लावून आम्ही चालत शाळेला. माझं दप्तर तिच्या खांद्यावर. शाळेचं फाटक आलं की मी दप्तर काढून घ्यायची आणि दहा पावलं पुढं चालायची, कारण वर्गातल्या पोरी तिला 'शेणी' म्हणायच्या. ते नाव मीच पाडलेलं. तिला ते माहीत होतं. 'ठिवलंस तर ठिवलंस नाव, गणिताची वही दे,' एवढंच बोलली.

एका सकाळी मी हट्टच धरला, सायकल मला चालवायचीय.

'भरल्या किटलीची सायकल लई वंगाळ वळती, प्राजे. पडशील.'

पडलेच. कोपऱ्यावरच. एक किटली अर्धी सांडली. मी ती उचलून सरळ सार्वजनिक नळाखाली धरली. संगीनं माझा हात धरला. 'पाणी नगं. सांडलं म्हणून सांगू की. सांडल्याला कोण मारतंय?'

पण मग मी सायकल चालवली हे आईला कळलं असतं. मी म्हटलं, 'गप्प बस, नाहीतर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही.'

तिनं हात सोडला.

संध्याकाळी ती सायकल न्यायला आली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तिला आमच्या पायरीवरच अडवलं. दुधावर सायीचा पत्ता नव्हता. आबांनाही बोलावून घेतलं होतं. संगी माझ्याकडं बघत होती, नुसती बघत होती. आणि मला कुणी काही विचारलंही नव्हतं, तरी मी म्हणाले, 'मी बघितलं हिला नळावर.'

आबांनी तिला तिथंच, सगळ्यांसमोर मारलं. रतीब बंद झाला. जूनमध्ये ती शाळेत नव्हती.

याला आता अकरा वर्षं झाली. संगी हल्ली संध्याकाळी गावातल्या दूधकट्ट्यावर म्हशी आणते, गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देते. जोरात आहे धंदा! मी परवा लांबून बघत उभी होते. आबा शेजारीच बसलेले, आणि त्यांची नजर ना म्हशीवर, ना गिऱ्हाइकावर. नजर पोरीच्या हातांवर, कुठं पाणी पडतंय का बघत. अजून! तिथंच ठरवलं, बास.

रविवारी दुपारी बावड्याला गेले. ती गोठा धूत होती. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. तिनं पाण्याचा पाइप बाजूला धरला.

'मला काय सांगतीस? मी तितंच हुतो की. आबा आत हाईत. त्यास्नी सांग.'

'संगे, तू मला माफ...'

'त्ये मागनं बघू. आत जा.'

आत गेले. सायकल, नळ, माझं ते वाक्य, काही गाळलं नाही. आबा माझ्याकडं न बघता दारात उभ्या संगीला म्हणाले, 'तवा का बोलली न्हाईस, पोरी?'

'बोललो की. तुमी मारत हुता.'

आबांनी खुंटीवरची टोपी घेतली.

'चल,' मला म्हणाले.

'कुठं?'

'तुमच्या गल्लीत. त्याच पायरीवर हुभारून बोलायचं. तुझ्या आईसमोर बी.'

मी म्हटलं, 'चला.'

संगी आली नाही. तिची धारेची वेळ झाली होती.