ओनेलियाचा नंबर

बानेस गावात रांग म्हटलं की ओनेलियाचं नाव निघायचंच. नवरा सोडून गेल्यापासून तीस वर्षं तिने दुसऱ्यांसाठी रांगा धरून पोट भरलं. तेलाची रांग, साबणाची रांग, गॅसची रांग. गावात रांगेत कुणी उभं राहत नाही. जो तो सावली धरून बसतो. नवीन आलेल्याने विचारायचं, "शेवटचं कोण?" ज्याचा हात वर होईल, त्याच्या मागे आपला नंबर. पण ओनेलिया दुसरा प्रश्नही विचारायची, "आणि तुम्ही कोणाच्या मागे?" पुढचं माणूस न सांगता उठून गेलं, तर तेवढाच पुरावा हाती उरतो. तो ज्याच्याकडे नसेल त्याला ती रांगेबाहेर काढायची. दम्याच्या पोराला कडेवर घेतलेल्या एका बाईला तिने औषधाच्या रांगेतून हाकललं होतं.

"दमा पोराला आहे, तुझ्या जिभेला नाही. विचारायचं होतंस."

त्या मंगळवारी वीज जाऊन एकवीस तास झाले होते. ओनेलियाची मुलगी दायलिन दूर परदेशात, मोंतेविदेओला राहायची. दुपारी तीनला तिला हृदयाच्या ऑपरेशनला आत नेणार होते आणि त्याआधी ती आईला व्हिडिओ कॉल करणार होती. तिनेच पाठवलेला टॅबलेट रात्रीपासून मेला होता. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लावावा, तर तिचा नंबर त्याच टॅबलेटच्या पोटात.

लेओनिदेस बॅटरीवरची तीनचाकी चालवायचा. वीज गेली की तिच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडून तो दारातच लोकांचे लॅपटॉप-टॅबलेट चार्ज करून द्यायचा. मीटर अठ्ठावन्न व्होल्टवर आला की वायर काढायचा. त्याखाली उतरवली की बॅटरी नासते, मग उद्या गाडी जागची हलणार नाही.

ओनेलिया अकराला पोचली. "शेवटचं कोण?"

मांडीवर लॅपटॉप घेतलेल्या एका लठ्ठ बाईने हात वर केला.

ओनेलियाच्या डोक्यात ऑपरेशन घुमत होतं. दुसरा प्रश्न राहिला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, कोपऱ्यावर पाव आलाय. तिचे पाय आपोआप तिकडे वळले. एका वेळी एकच रांग धरून बसायचं तिला आयुष्यात जमलं नव्हतं.

काखेत पाव घेऊन ती दीडला परतली, तर लठ्ठ बाई गायब. तिच्या गल्लीत वीज आली होती, तशी ती उठून घरी गेली होती.

"माझा नंबर त्या लठ्ठ बाईच्या मागे," ओनेलिया म्हणाली.

"कुठली लठ्ठ बाई?" चष्मेवाल्या शिंप्याने विचारलं. "इथे बऱ्याच आहेत."

"लॅपटॉपवाली. निळ्या ब्लाउजातली."

"बरं. ती कोणाच्या मागे होती?"

ओनेलियाने पाव या काखेतून त्या काखेत घेतला.

"सांगा ना मावशी, कोणाच्या मागे?"

"पोरीचं ऑपरेशन आहे रे. तीनला."

"ऑपरेशन पोरीचं आहे, तुमच्या जिभेचं नाही!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळी रांग खदखदून हसली. लेओनिदेससुद्धा हसला.

"बाळा, तू तरी सांग यांना."

"मी काय सांगणार, मावशी? रांग म्हणेल ते."

ती शेवटी जाऊन बसली. पुढे सात जण होते. पावणेतीनला दोन उरले, आणि लेओनिदेसने मीटर बघून वायर काढली.

"पाचच मिनिटं लाव. हा पाव घे सगळा."

"रिकामा टॅबलेट नुसता उघडायलाच वीस मिनिटं घेतो. पाच मिनिटांत काय होणार?" पाव मात्र त्याने ठेवून घेतला.

सहाला वीज आली. टॅबलेट उघडला तेव्हा त्यावर सहा न घेतलेले कॉल होते आणि दायलिनचा आवाजातला एक निरोप. "आई, आत नेतायत. आज कुठल्या रांगेत आहेस? शाळेत मला बक्षीस मिळालं तेव्हाही तू रांगेतच होतीस. असू दे. बस तिथेच."

त्याखाली जावयाने लिहिलं होतं : ऑपरेशन नीट झालं. आत जाताना ती सांगून गेली, तुम्ही फोन करू नका.

ओनेलियाने एका बोटाने एकेक अक्षर शोधत दायलिनला लिहिलं, की ही रांग तुझ्यासाठीच होती. निरोप गेला. एक टिक उमटली. दुसरी उमटलेली नाही. येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील.